माझ्या तोंडात भलतीच जीभ

मी एक जुना शाईचा पेन आहे आणि मी चिडलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की उसासे टाकतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, असे तुम्ही ऐकले असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मधल्या काळात मला उसासा टाकायचीही सोय राहिली नव्हती, टाकला तर शाई गळायची. ती का गळायची, कोणामुळे गळायची आणि तिच्यापायी एक म्हातारी बाई आपल्या जिवंत भावाला मेलेला समजून कशी बसली, हे मी आज सांगणार आहे. मध्ये कोणी बोलू नका.

माझा जन्म लेथवर पेन घडवणाऱ्या एका कातार्‍याच्या दुकानात झाला. दुकान कसले, जिन्याखालची खोली होती. एक लेथ, एक स्टूल आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या कडक काळ्या रबराच्या कांड्या. त्यातली एक कांडी त्याने लेथवर चढवली, तिची नळी केली, टोपण केले, निब बसवली आणि सर्वांत शेवटी जीभ घ्यायला बसला.

तुम्ही बॉलपेनवाली मुले, तुम्हाला पेनाची जीभ ठाऊक नसेल. निबेच्या खाली एक काळी पट्टी असते, ती जीभ. तिच्या पाठीवर केसाएवढी बारीक पन्हळ असते. नळीतली शाई त्या पन्हळीतून निबेच्या टोकापर्यंत येते. पन्हळ नीट असली तर हवी तेवढीच येते. रुंद असली तर भडाभडा येते आणि चोंदली तर येतच नाही. कातारी ही पन्हळ हाताने पाडायचा, श्वास रोखून. मग जीभ ओठांत धरून फुंकून बघायचा. माझ्या वेळी त्याने दोन जिभा फेकून दिल्या, तेव्हा समोर बसलेले गिऱ्हाईक वैतागले.

"अहो, दिसणार आहे का ती कुणाला? आतच तर राहणार."

"आत राहणार म्हणून तर बघतोय," कातारी म्हणाला. "टोपण वाकडं असतं तर तुम्ही इथंच माझ्याशी भांडला असता. जीभ वाकडी निघाली तर घरी जाऊन कुणाशी भांडाल?"

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला जे दिवस फार महागात पडले, त्या दिवसांत ते रोज आठवत होते.

ते वैतागलेले गिऱ्हाईक म्हणजेच माझे मालक. न्यायालयात ते नक्कलनवीस होते. निकालांच्या आणि करारांच्या नकला हाताने उतरवायच्या, मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवायचे आणि मग साहेबांकडून शिक्का घ्यायचा, हे त्यांचे काम. त्या विभागात एक नियम होता. डाग पडलेल्या पानावर शिक्का बसत नसे. शेवटच्या ओळीवर टाचणीच्या डोक्याएवढा जरी ठिपका पडला तरी ते पान फाडायचे आणि पहिल्यापासून लिहायचे. इतर नक्कलनवीस दिवसातून तीन-चार पाने फाडत. माझे मालक एकही फाडत नसत, म्हणून सगळे त्यांना 'बिनडाग' म्हणत. बिनडाग आले, बिनडाग जेवायला गेले, बिनडागांची बदली झाली. त्यांचे खरे नाव शिपायालाही सांगता आले नसते. या लौकिकात निम्मा वाटा माझा होता, पण मला कोणी बढती दिली नाही. असो.

वर्षानुवर्षे त्यांच्या हातात राहून माझी निब त्यांच्या कलाप्रमाणे झिजली. दुसऱ्या कोणी मला हातात घेतले की मी खरखरतो. त्यांनी घेतले की त्यांना काही करावेच लागत नाही, नुसते टेकवायचे आणि न्यायचे.

निवृत्त झाल्यावर आम्हा दोघांना एकच काम उरले. दर सोमवारी ताईंना पत्र.

ताई म्हणजे बिनडागांची थोरली बहीण. त्या दुसऱ्या गावी लेकीकडे राहतात. त्यांना ऐकू येत नाही, अगदी ठार, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. सोमवारी पत्र टाकले की गुरुवारी त्यांच्या हातात पडते. चार पाने. आधी कच्चे लिहायचे, मग खाडाखोड करून त्यावरून पक्के उतरवायचे, मग कच्चे फाडून टाकायचे. सख्ख्या बहिणीला पत्र, पण तेही नकलेसारखे, समासासकट. ताईंची उत्तरे पेन्सिलीने लिहिलेली असत आणि ओळी उतरणीला लागलेल्या असत.

मग एके दिवशी सकाळी दाढी करता करता बिनडाग खाली बसले आणि उठले नाहीत. अर्धांगाचा झटका. तीन आठवडे ते रुग्णालयात होते आणि मी मेजाच्या खणात, पोटात शाई तशीच. ती वाळली. ते घरी आले, हळूहळू उजव्या हाताची बोटे हलू लागली, पण बोटांत जोर उरला नाही. बॉलपेन दाबावा लागतो, तो त्यांना दाबता येईना. सुनेने एक नवा शाईचा पेन आणून दिला, तर त्याने अक्षर असे काढले की ते स्वतःच म्हणाले, "हे तर दुसऱ्याच कुणाचं वाटतंय. ताई म्हणेल, कुणाकडून तरी लिहून घेतलं."

म्हणजे माझ्यावाचून गत्यंतर नव्हते. कधी नव्हे ती माझी गरज पडली आणि नेमके तेव्हाच आमच्या घरातला उंटावरचा शहाणा पुढे आला. हा बिनडागांचा मुलगा. माणूस वाईट नाही, पण मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिला की त्याला त्या विषयातले सगळे येते. "वाळलेली शाई ना? उकळत्या पाण्यात टाकलं की निघते," असे म्हणून त्याने माझी जीभ काढली आणि चहाच्या भांड्यात उकळली! कडक रबर उकळत्या पाण्यात मऊ पडते, हे व्हिडिओत सांगितले नव्हते. जीभ बाहेर आली तेव्हा मिरचीसारखी वाकलेली होती.

"नवीन मागवू की," शहाणे म्हणाले. "ऑनलाइन सगळं मिळतं."

मिळते! सगळे मिळते! दुकानाच्या पानावर जिभेचा मोठा फोटो होता. अस्सल, टिकाऊ, जुन्या पेनांत हमखास बसणारी, असे लिहिलेले होते आणि खाली आकाशात नसतील एवढे तारे. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण अशाच लोकांसाठी केलेली असावी. पाच दिवसांनी खोके आले. बूट मावतील एवढे खोके, त्यात फुगवलेल्या पिशव्या आणि तळाशी दाण्याएवढ्या पुडीत ती.

ती माझ्या तोंडात बसवली, तेव्हाच मला कळले की घात झाला. पन्हळ सुरुवातीला सरळ होती, मध्येच कडेला वळली होती आणि वळणावर साच्याचा कंगोरा तसाच राहिला होता. कोणी फुंकून पाहिले नव्हते. कोणी नुसते डोळ्यांनीही पाहिले नव्हते. कंगोऱ्यामागे शाई तुंबायची, मी कोरडा पडायचो, मग अचानक सगळी शाई एकदम सुटायची आणि कागदावर बदाबदा पडायची. आज बद्धकोष्ठ, उद्या जुलाब. हसू नका. आयुष्यभर बिनडागांच्या हातात इभ्रतीने राहिलेल्या पेनाला म्हातारपणी असे लोकांसमोर गळताना काय वाटते, ते तुम्हाला कळायचे नाही.

बिनडागांनी कागद घेतला, 'प्रिय ताई' लिहिले आणि 'ताई'वर हा मोठा डाग पडला. त्यांनी पान फाडले. दुसरे घेतले. तेही फाडले. संध्याकाळपर्यंत टोपली भरली.

त्यांची सून दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामाला आहे. तिच्या पिशवीत सुईसारख्या बारीक कानशी असतात. तिने ती जीभ काढून खिडकीपाशी धरली आणि एका नजरेत दोष ओळखला.

"बाबा, ही पन्हळ वाकडी पाडलीय. द्या मला, घासून सरळ करते. दहा मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस," बिनडाग म्हणाले. आजारानंतर त्यांची जीभही जरा जड झाली होती, पण राग आला की शब्द स्पष्ट यायचे. "आपण घासली की ते म्हणणार, तुम्हीच बिघडवली. चूक त्यांची आहे, त्यांनी निस्तरावी. मी तक्रार करणार."

"करा तक्रार. पण तोवर ताईंना दोन ओळी तरी पाठवा. डाग पडला तर पडला."

"डाग पडलेला कागद मी आजवर कुणाला दिला नाही."

तिकडे काय चालले होते, ते बिनडागांना पुरते ठाऊक नव्हते. दोन महिन्यांहून जास्त काळ ताईंना पत्र गेले नव्हते. त्यांची लेक पाटीवर लिहून दाखवायची, 'मामा बरा आहे.' ताई पाटी पुसून टाकायच्या. एकदा मोबाइलवर भावाचा चेहरा दाखवला, तर तो ओळखू येईना, तोंड एका बाजूला ओढलेले. ताईंनी मोबाइल परत केला आणि म्हणाल्या, "या डब्याचं काय सांगता मला? यात मेलेली माणसंसुद्धा गाणी म्हणतात. त्याचं अक्षर दाखवा." अक्षर कुठून दाखवणार? ते माझ्या तोंडात अडकले होते.

दुकानाच्या नियमाप्रमाणे तक्रार सात दिवसांत करायची होती आणि सोबत बिघाडाचा फोटो जोडायचा होता. मित्रांनो, आता जे झाले ते कोणत्याही साध्या माणसाच्या हातून झाले नसते. ते फक्त एका निवृत्त नक्कलनवीसाच्या हातूनच होऊ शकते. बिनडागांनी तक्रार अर्ज म्हणून लिहायला घेतली. समास सोडला, विषय लिहिला, 'महोदय' लिहिले आणि डाग पडला. त्यांनी पान फाडले. डागाबद्दलची तक्रार, त्या तक्रारीवर डाग पडला म्हणून फाडली! पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली. दर दोन शब्दांनी ते माझी निब टिपकागदाला टेकवत, शाई सुटायची वाट बघत, मग पुढचे दोन शब्द लिहीत. हात थकला की तो मांडीवर ठेवून थांबत. मी आतून ओरडत होतो, अहो, राहू द्या तो डाग, तोच तर दाखवायचा आहे! पण पेनाचे कोण ऐकतो. तीन दिवस गेले. अकराव्या वेळी एक पान निर्मळ उतरले. इतके सुबक की पूर्वीच्या साहेबांनी उभे राहून शिक्का मारला असता. हेच तीन दिवस त्यांनी ताईंना दिले असते तर! मला दुकानाचा राग होताच, पण त्या दिवशी बिनडागांचा जास्त आला.

मुलाने त्या पानाचा फोटो काढला आणि न वाचताच पाठवून दिला. उत्तर आठ दिवसांनी आले. सुनेने ते मोठ्याने वाचले.

'आपण पाठवलेल्या छायाचित्राची तपासणी केली. लिखाण स्वच्छ व सुंदर असून सुट्या भागात कोणताही दोष आढळला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे. आमची सेवा कशी वाटली? कृपया तारे द्या.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही त्यांना डाग नसलेलं पान पाठवलंत?"

"मग कसलं पाठवायचं असतं?"

"आणि डागांची पानं?"

"फाडली."

"अहो, तो पुरावा होता ना!" तिने कपाळावर हात मारला आणि मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही फोटो काढताना काय बघत होतात?"

शहाण्यांना तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवले.

दुपारी ताईंच्या लेकीचा फोन आला. सुनेने तो ऐकला, ठेवला आणि बिनडागांच्या समोर येऊन बसली. तिने काही लपवले नाही. "ताई परवापासून जेवत नाहीयेत. तुमच्या पत्रांचा गठ्ठा बांधून उशाशी ठेवलाय. म्हणतात, तो गेला, तुम्ही सगळे मला फसवताय. औषधंही घेत नाहीत."

बिनडागांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. मला वाटले आता रडतील. पण ते रडले नाहीत, भयंकर चिडले. माझ्याइतके चिडलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी मला उचलले आणि कच्चे-पक्के न करता, समास न सोडता लिहायला सुरुवात केली.

'ताई, मी मेलेलो नाही. मेलो असतो तर एवढा मनस्ताप झाला नसता.'

'नाही'वर डाग पडला. ते थांबले नाहीत. मी कोरडा पडलो, तर त्यांनी मला झटकले, भिंतीवर शिंतोडे उडाले आणि ते पुढे लिहू लागले. झटका कसा आला ते लिहिले. उजवा हात कसा दगा देतो ते लिहिले. मुलाने जीभ कशी उकळली ते लिहिले. दुकानाला अशी काही विशेषणे लावली की ती मी तुमच्यासमोर सांगू शकत नाही. प्रत्येक ओळीत एक डाग, कुठे वाटाण्याएवढा, कुठे बशीएवढा, आणि त्यांच्या मनगटाने पुसला गेलेला एक लांब फराटा. शेवटी लिहिले, 'तू जेव. तू जेवली नाहीस तर मी स्वतः येईन, काठी टेकत येईन आणि तुझ्याशी भांडेन.' सही केली. सहीवरही डाग.

मग राग ओसरला आणि त्यांनी पानाकडे पाहिले. त्यांची बोटे पानाच्या कडेला गेली, फाडायला जातात तशी. सुनेने झडप घालून पान ओढले.

"हे जाणार."

"अगं, बघ तरी त्याच्याकडे! शेणात लोळल्यासारखं झालंय."

"जाणार म्हणजे जाणार. फाडलंत तर मीही जेवणार नाही. मग दोघींचं पाप घ्या डोक्यावर."

तिने पानाचा एक फोटो काढला, पान पाकिटात घातले आणि पायात चपला सरकवून ती टपालात टाकायला निघूनही गेली. बिनडाग मान खाली घालून बसले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा डाग पडलेला कागद त्यांच्या हातातून बाहेर गेला होता आणि तो मी पाडलेला होता. मला माझीच लाज वाटली.

सुनेने तो फोटो दुकानाला पाठवला. उत्तर लगेच आले, तक्रारीची मुदत संपलेली आहे. मित्रांनो, स्वच्छ पानाला दोष नाही आणि डागाळलेल्या पानाला मुदत नाही! तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला पाय आणि मस्तक नसतानाही कळले.

पुढचे दिवस फार जड गेले. फोन वाजला की बिनडाग सुनेच्या तोंडाकडे बघत. गुरुवारी संध्याकाळी ताईंच्या लेकीने एवढेच कळवले की पत्र मिळाले, आई खोलीचे दार लावून बसली आहे. सोमवारी पाकीट आले. पेन्सिलीचे अक्षर, उतरणीच्या ओळी. बिनडागांनी ते सुनेपुढे केले आणि तिने वाचले.

'पत्र पोचले. तीनदा वाचले, अजून सगळे लागत नाही. लहानपणी तुझी वही अशीच असायची आणि शाई सांडली की तू माझे नाव सांगायचास. नोकरीला लागल्यापासून तुझी पत्रे कोर्टातून आल्यासारखी यायची. चार पाने वाचून मला कळायचे नाही की तू बरा आहेस की नाही. यावेळी पाकीट उघडल्याबरोबर कळले. एवढा चिडलायस म्हणजे जिवंत आहेस. मी जेवले. भात थोडा जास्तच खाल्ला. भांडायला ये, पण हात बरा झाल्यावर ये. आणि पुन्हा तसले इस्त्री केलेले पत्र पाठवलेस तर मी उघडणार नाही.'

सुनेने कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. मग त्यांनी मला तिच्यासमोर सरकवले.

"घास ती जीभ," ते म्हणाले. "त्यांनी काही निस्तरलं नाही."

दहा मिनिटे म्हणाली होती, तिला पाऊण तास लागला. खिडकीपाशी बसून तिने कंगोरा काढला, पन्हळ सरळ केली आणि शेवटी जीभ ओठांत धरून फुंकून पाहिली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. मला एकदम जिन्याखालची ती खोली आठवली. आता मी पूर्वीसारखा लिहितो. जीभ परकीच आहे, पण तिच्यावर आमच्या घरच्या माणसाचा हात फिरला आहे, म्हणून मी तिला तोंडात ठेवून घेतली.

माझा राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी जुना पेन असेल तर त्याला पोटात शाई ठेवून खणात टाकू नका. त्याला साध्या पाण्याने धुवा, आणि कोणी उकळते पाणी घेऊन आले तर त्याचा हात धरा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी बनवून विकाल. आतला भाग कोणाला दिसत नाही म्हणून तो वाकडा पाठवू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण वाट बघत बसले आहे, हे तुम्हाला कधी कळणार नाही. आणि तुमच्याकडे काही मोडके आले, तर ते मोडकेच दाखवा. नीटनेटके करून दाखवले की लोक म्हणतात, काही झालेलेच नाही.

आम्ही अजून दर सोमवारी ताईंना पत्र लिहितो. कच्चे-पक्के बंद झाले आहे. मी आता गळत नाही, पानभर एकही ठिपका पडत नाही, आणि नेमकी तीच अडचण झाली आहे, कारण ताई तसले पत्र उघडणार नाहीत. म्हणून सही झाली की बिनडाग मला कागदावर उभा धरतात, हलकेच झटकतात आणि सहीशेजारी एक थेंब पाडतात. साहेब जिथे शिक्का मारायचे, बरोबर त्या जागी. मग तो वाळेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसतात आणि पान फाडत नाहीत.